सिम्युलेटर ही बखर आहे, अस्सल पत्र नव्हे: मिग-२१ आणि इतिहासाचा पुरावा

१/
२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. १९६३ मध्ये सुरू झालेली सेवा ६२ वर्षांनी संपली. तेव्हापासून समाजमाध्यमांवर एक जुना वाद नव्याने पेटला आहे. एक पक्ष या विमानाला 'उडती शवपेटी' म्हणतो; दुसरा म्हणतो, विमान उत्तमच होते, चुका वैमानिकांच्या होत्या. आता या वादात एक नवा साक्षीदार उभा केला जात आहे: घरच्या संगणकावरचा सिम्युलेटर. 'मी स्वतः उतरवून पाहिले, त्यात कठीण काय आहे?' आजचा धागा या साक्षीदाराच्या उलटतपासणीसाठी आहे.

२/
माझे मत आरंभीच मांडते. सिम्युलेटर हे इतिहासाचे साधन होऊ शकते, परंतु ते एकाच प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर देते: या यंत्राने माणसाकडून काय मागितले? 'अमुक अपघात कोणाच्या चुकीने झाला?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही. या दोन प्रश्नांची सरमिसळ केली की जे स्वतःची बाजू मांडायला हयात नाहीत, त्यांच्यावर अन्याय होतो. आणि या सरमिसळीत खरे कारण नजरेआड होते, ही त्याहून मोठी हानी आहे.

३/
प्रथम सिम्युलेटरचा थोडा पूर्वेतिहास. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या घराण्याचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनविण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीचा भाता ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावरच्या भात्यांनी झुकणारी, वळणारी एक बुटकी विमानपेटी त्याने १९२९ मध्ये तयार केली. सुरुवातीला तिला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या जत्रांमध्ये. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम पडले आणि वाईट हवामानात काही आठवड्यांतच अनेकजण मरण पावले. त्यानंतर लष्कराने लिंककडून सहा पेट्या विकत घेतल्या. म्हणजे या साधनाचा जन्म खेळण्याचा. त्याला प्रतिष्ठा मिळाली ती मृत्यूंनंतर.

४/
आता आमच्या प्रयोगाविषयी. भिवंडीच्या कामतघरात, वऱ्हाळा तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका मित्राच्या घरी आम्ही तिघांनी 'डीसीएस वर्ल्ड' या सिम्युलेटरमधील मिग-२१ बिस हे विमान काही महिने तपासले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रतिकृती तिच्या तपशिलांसाठी नावाजलेली आहे. आमची शिस्त साधी होती: एका वेळी एकच प्रश्न, प्रत्येक चाचणी किमान तीनदा, निरीक्षण लगेच वहीत. वीज गेली की विमान अधांतरी राही आणि ती चाचणी बाद धरली जाई. शत्रूची विमाने पाडणे हा उद्देश नव्हता. यंत्राच्या खोडी ओळखणे हा होता.

५/
पहिली खोड जमिनीवरच भेटते. या विमानाचे पुढचे चाक वैमानिकाच्या हुकमाने वळत नाही. ते मोकळे फिरते. वळायचे असेल तर हातातल्या स्टिकवरची ब्रेकची तरफ दाबायची आणि त्याच वेळी पायाने एका बाजूचे पेडल रेटायचे. मग त्या बाजूच्या चाकाला अधिक ब्रेक लागतो आणि विमान तिकडे वळते. ब्रेक चालतात दाबून भरलेल्या हवेवर, आणि त्या हवेचा साठा मर्यादित असतो. म्हणजे धावपट्टीपर्यंत पोहोचतानाही हात, पाय आणि हवेचा मीटर यांचा मेळ घालावा लागतो. उड्डाण अजून दूरच आहे!

६/
दुसरी खोड मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून सर्वांत बोलकी वाटली. इंधनाचा मीटर टाकीतले इंधन मोजतच नाही. उड्डाणापूर्वी वैमानिकाने एक गुंडी फिरवून 'इतके लिटर भरले आहे' हे त्याला सांगायचे असते. पुढे इंजिनाकडे जितके इंधन वाहत जाईल, तितके तो त्या आकड्यातून वजा करीत राहतो. आरंभीचा आकडा चुकीचा सांगितला, तर मीटर शेवटपर्यंत निष्ठेने चुकीचेच उत्तर देईल. आम्ही मुद्दाम अधिक आकडा लावून पाहिला. मीटरवर इंधन शिल्लक दिसत असताना इंजिन बंद पडले. आधीच इंधन बेताचे असलेल्या या विमानात वैमानिकाने किती गोष्टी डोक्यात बाळगायच्या, याचा अंदाज येथे येतो.

७/
तिसरी खोड रडारची. या रडारला तापायला वेळ द्यावा लागतो, आणि कमी उंचीवर जमिनीकडून परतणारे प्रतिध्वनी पडद्यावर इतकी गर्दी करतात की त्यांतून विमानाचा ठिपका वेगळा काढणे अवघड होते. त्यासाठीचे वेगळे खटके आहेत, परंतु ते हाताळायचे म्हणजे नजर बाहेरून आत आणावी लागते. समोरची काच जाड, तिची चौकट रुंद आणि मागचे दृश्य तुटपुंजे. उंच आकाशात येणारे बॉम्बफेकी विमान झपाट्याने गाठावे, या हेतूने घडलेले हे यंत्र आपण पुढे जमिनीलगतच्या कामांनाही जुंपले. त्याची किंमत काय असेल, हे कागदावर वाचण्यापेक्षा त्या पडद्यासमोर बसल्यावर लवकर कळते.

८/
चौथी आणि सर्वांत गंभीर खोड उतरण्याची. मिग-२१ चे पंख त्रिकोणी आणि लहान. वेग कमी झाला की पुरेशी उचल मिळविण्यासाठी नाक वर करावे लागते. नाक वर केले की अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाने केलेला कोन, वाढतो आणि त्याबरोबर हवेचा अवरोधही झपाट्याने वाढतो. मग वेग आणखी घटतो. हे दुष्टचक्र इंजिनाच्या जोरावरच तोडता येते. पण जुन्या जेट इंजिनाला मंद फेऱ्यांवरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात, आणि जमिनीजवळ तेवढे सेकंद हाती नसतात.

९/
बिस या आवृत्तीत फ्लॅपवरून इंजिनातली हवा फुंकून उचल वाढविण्याची सोय आहे. ती उतरण्याचा वेग कमी करते. परंतु ती इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे. आम्ही अगदी शेवटच्या टप्प्यात थ्रॉटल एकदम मागे ओढून पाहिले. फेरे पडले, फुंकलेली हवा गेली, आणि विमान उतरण्याऐवजी खाली बसले. इतर विमानांवर लागलेली 'वेग जास्त वाटतो, थ्रॉटल मागे घ्या' ही सवय येथे घातक ठरते. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने धावपट्टी समोर येत असताना जुनी सवय मोडायची असते.

१०/
येथवर वाचून कोणी म्हणेल, 'मग शवपेटीच म्हणा की!' थांबा. याच प्रतिकृतीने आम्हाला हेही दाखविले की नियम पाळले तर विमान नियमानेच वागते. त्याच्या खोडी लहरी नाहीत. त्यांची कारणे आहेत, त्या शिकता येतात, शिकविता येतात. मिग-२१ क्षमा करीत नाही, परंतु फसवीतही नाही. म्हणून खरा ऐतिहासिक प्रश्न असा उरतो: हे शिकविण्याची व्यवस्था होती का?

११/
त्याकडे वळण्यापूर्वी साक्षीदाराच्या मर्यादा. आपल्या परंपरेतला एक भेद येथे उपयोगी पडतो. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, तेव्हा त्यांचा सारा भर अस्सल पत्रांवर होता. बखर रसाळ असते, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करते. पण ती मागाहून, कोणाच्या तरी सांगण्यावरून, कोणासाठी तरी लिहिलेली असते. सिम्युलेटर ही अशीच बखर आहे. पुस्तिका, मोजमापे आणि वैमानिकांच्या आठवणी यांवरून कोणीतरी ती नंतर रचली आहे. बखर टाकाऊ नसते. परंतु पत्राशी ताडून पाहिल्याविना ती पुरावा होत नाही.

१२/
या बखरीतला सर्वांत मोठा कालविपर्यास पाहा. अनेक उत्साही मंडळी सिम्युलेटरवर १४ डिसेंबर १९७१ चा ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवरचा हल्ला उडवून पाहतात. पण तो हल्ला मिग-२१ एफएल या आवृत्तीने केला होता. बिस आपल्याकडे आले ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. एफएलचे इंजिन वेगळे, रडार वेगळे. फ्लॅपवरून हवा फुंकण्याची सोय नाही. शरीरात बसविलेली तोफही नाही, म्हणून पोटाखाली तोफेची वेगळी पेटी लावावी लागे. बिसमध्ये बसून १९७१ च्या वैमानिकाचे काम 'सोपे होते' म्हणणे म्हणजे पेशवाईतल्या टपालाचा वेग तारायंत्रावरून ठरविण्यासारखे आहे.

१३/
दुसरी मर्यादा शरीराची. आमच्या कामतघरात यंत्रमागाचा खटखटाट कोणालाही ऐकवता येईल. मोबाइलवर त्याची चित्रफीतही दाखवता येईल. पण छातीत जाणारा कापसाचा तूस आणि बारा तास उभे राहिलेले पाय चित्रफितीत उतरत नाहीत. सिम्युलेटरचेही तसेच आहे. उन्हात तापलेले कॉकपिट, वळणात अंगावर येणारे कित्येक पट वजन, समोर आलेला पक्षी आणि मरणाचे भय यांतले काहीही खुर्चीत बसून अनुभवता येत नाही.

१४/
याहून सूक्ष्म गोष्ट आपल्या कानाची. तोल सांभाळणारे इंद्रिय अंतर्कर्णात असते, आणि ते वेगवाढ व वर झुकणे यांत नेहमी भेद करू शकत नाही. अंधाऱ्या रात्री जोराने वेग वाढत असताना विमानाचे नाक प्रत्यक्षाहून अधिक वर गेल्याचा भास होतो. वैमानिक तो भास दुरुस्त करायला गेला तर विमान जमिनीकडे वळते. वैमानिकाने शरीराचे न ऐकता मीटरचे ऐकायचे असते. स्थिर खुर्चीला वेगवाढ नसते, म्हणून हा भासही नसतो. आपण घरी 'रात्रीचे उड्डाण' करतो तेव्हा फक्त पडदा काळा झालेला असतो.

१५/
आता शिकविण्याच्या व्यवस्थेविषयी. भारतीय वैमानिक जेटवर प्रथम शिकत असे ते मुख्यतः 'किरण' या विमानावर: ध्वनीपेक्षा कमी वेगाचे, समजूतदार, आणि शिक्षक शेजारी बसलेला. तेथून पुढे त्याला मिग-२१ गाठायचे असे. मिगची दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती होती. पण तिच्यात शिक्षक मागे बसतो, आणि त्याला पुढचे इतके कमी दिसते की नंतरच्या आवृत्तीत त्याच्यासाठी पेरिस्कोप बसवावा लागला. किरण आणि मिग यांच्या मधली पायरी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान, पुरेशी भक्कम नव्हती.

१६/
ही पायरी हवी, हे कोणाला कळत नव्हते असे नाही. ला फोंतेन समितीने १९८२ मध्येच प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. ब्रिटिश 'हॉक' विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. ती हवाई दलात दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये, बिदर येथे. शिफारशीपासून करारापर्यंत २२ वर्षे आणि विमाने दाखल होईपर्यंत २६. या काळात विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या ती न बांधलेली पायरी उडी मारून ओलांडत गेल्या, याचा विचार करावा.

१७/
२०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेली माहिती अशी: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. हे आकडे सर्व प्रकारच्या मिग विमानांचे आहेत, एकट्या मिग-२१ चे नव्हेत. वादात हा फरक सर्रास गाळला जातो. शिवाय दीर्घ काळात, प्रचंड संख्येने आणि सर्वाधिक उडविलेल्या विमानाची तुलना करताना उड्डाणाचे तास पाहावे लागतात, नुसती बेरीज पुरत नाही.

१८/
तुलनाच करायची तर पश्चिम जर्मनीशी करू. त्यांनी ९१६ एफ-१०४ स्टारफायटर विमाने घेतली; २९२ गमावली आणि ११६ वैमानिक मेले. तिथेही विमानाला 'विधवा करणारे' असे नाव पडले. १९६६ मध्ये योहान्स स्टाइनहोफ हवाई दलाचे प्रमुख झाले आणि त्यांनी प्रशिक्षण, देखभाल व सुरक्षेची घडी नव्याने बसविली. अपघातांचे प्रमाण उतरले. विमान तेच होते! म्हणून 'यंत्र वाईट की माणूस वाईट' या जोडीत तिसरा शब्द नेहमी घालावा: व्यवस्था. विमान आणि वैमानिक यांची गाठ कशी घालून दिली जाते, यावर बरेच काही ठरते.

१९/
महाराष्ट्रात हा विषय अमूर्त नाही. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सूरतगड येथे रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून मृत्यू पावले. दोष वैमानिकाच्या माथी मारला जाणे त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांनी स्वीकारले नाही. मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी जाहीरपणे लावून धरला. पुढे याच दांपत्याने पुण्यात 'जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट' उभी केली आणि वैमानिक घडविण्यासाठी सिम्युलेटरचा वापर केला. याकडे नीट पाहा. ज्यांना निवाडा करण्याचा सर्वाधिक नैतिक अधिकार होता, त्यांनी सिम्युलेटर निवाड्यासाठी नव्हे, शिकविण्यासाठी वापरला.

२०/
आता आपल्या हातातले काम. मिग-२१ ची कथा आपण मॉस्को, चंदीगड आणि ढाक्यात शोधतो. ती नाशिकजवळच्या ओझरलाही आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे १९६४ मध्ये उभा राहिला. इंजिने कोरापूटला, विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि जुळणी ओझरला, अशी विभागणी होती. देशात बांधलेली मिग-२१ विमाने ६५७. ती बांधणारे फिटर, वायरमन, तपासनीस यांच्यापैकी कित्येकजण आज नाशिक जिल्ह्यात निवृत्त आयुष्य जगत आहेत. कोणता खटका अडकत असे, कोणता सुटा भाग वेळेवर मिळत नसे, हे त्यांना ठाऊक आहे. ही माहिती कोणत्याही सिम्युलेटरमध्ये नाही.

२१/
म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्या आणि संगणकावर उड्डाण करणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी तीन मागणी आहेत. पहिली, दाव्याबरोबर आवृत्ती सांगा: बिसवरचा अनुभव एफएलवर लादू नका. दुसरी, चाचणीची नोंद ठेवा: काय केले, किती वेळा, काय घडले, नुसती चित्रफीत म्हणजे नोंद नव्हे. तिसरी, कोणत्याही प्रत्यक्ष अपघाताची 'पुनर्निर्मिती' करून मृत वैमानिकाला दोषी किंवा निर्दोष ठरवू नका. चौकशीचा अहवाल, यंत्राचे अवशेष, हवामान आणि त्या माणसाचे शरीर यांपैकी काहीही आपल्यासमोर नसते.

२२/
एक आक्षेप येईल: मग सिम्युलेटरला हातच कशाला लावायचा, कागदपत्रे पुरेशी नाहीत का? पुरेशी नाहीत, असे मला वाटते. 'वैमानिकाचे लक्ष विचलित झाले' हे वाक्य अहवालात अर्ध्या ओळीत संपते. ब्रेकची तरफ, इंधनाचा सांगितलेला आकडा, गर्दीने भरलेला पडदा आणि शेवटच्या सेकंदांतला थ्रॉटल हे सारे एकदा हाताखालून गेले की त्या अर्ध्या ओळीत किती कामे दडली आहेत, ते उमगते. सिम्युलेटर उत्तर देत नाही; तो कागदाला विचारायचे प्रश्न नेमके करून देतो. इतिहासाच्या साधनाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

२३/
सारांश असा. 'उडती शवपेटी' म्हटले की १९८२ ते २००८ या २६ वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही, कारण सारा दोष लोखंडावर जातो. 'वैमानिकाची चूक' म्हटले तरी तो हिशेब बुडतोच, कारण सारा दोष मृतावर जातो. दोन्ही घोषणा परस्परविरोधी भासतात, परंतु निर्णय लांबविणाऱ्यांना त्या सारख्याच सोयीच्या आहेत. विमान आता संग्रहालयात गेले आहे. त्याच्याविषयीचा निर्णय घाईने लावण्याचे कारण उरलेले नाही. तो नीट लावण्याचे मात्र आहे.

२४/
धागा येथे पूर्ण करते. आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी वा नात्यात ओझरच्या कारखान्यात काम केलेले कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ तासभर बसा, त्यांच्या परवानगीने बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि तारीख घालून जपून ठेवा. अस्सल पत्रे अशीच जमा होतात. मतभेद असतील तर अवश्य मांडा; फक्त सोबत विमानाची आवृत्ती लिहायला विसरू नका.